Explained : ‘अंगणवाडी’ सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या? आई कामावर गेली की बाळ कुणी सांभाळायचे, याचे त्यांनी काय उत्तर दिले?

कणकवली : सिंधुदुर्गातील बहुतेक वाड्यांमध्ये अंगणवाडी आहे. तिथला खाऊ, वजनकाटा, गाणी आणि बाई हे सगळे इतके ओळखीचे की हा शब्द कुठून आला, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो कोकणातूनच आला. कोकण किनाऱ्याच्या थेट उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या कामातून अंगणवाडी जन्माला आली. तीस वर्षांनी केंद्र सरकारने हेच नाव देशभर नेले.

पण ताराबाईंच्या कामाचा एक भाग या प्रवासात मागे राहिला. तो भाग म्हणजे पाळणाघर. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी कणकवलीची मुलगी बाळंतपणाची रजा संपल्यावर आईला फोन करून ‘येशील का?’ असे विचारते, त्यामागे हीच उणीव आहे.

थोडक्यात

- जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. मृत्यू ३१ ऑगस्ट १९७३. १९६२ मध्ये पद्मभूषण.
- १९२१ मध्ये विवाह संपला. त्यानंतर लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पगारावर आयुष्य उभे केले.
- भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम, १९३६ मध्ये दादरला ‘शिशुविहार’, १९४५ मध्ये बोर्डी आणि १९५७ मध्ये कोसबाड.
- कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवली.
- सरकारी अंगणवाडी १९७५ मध्ये आली. तिने ताराबाईंचे नाव आणि अंगण घेतले, दिवसभराचे पाळणाघर घेतले नाही.

प्रश्न आजचा का आहे?

हिशेब साधा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. म्हणजे साधारण सहा महिने. अंगणवाडी किंवा बालवाडीत मूल बसते ते तीन वर्षांचे झाल्यावर. मधले ३० महिने बाळ कुणाकडे ठेवायचे, याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले शोधायचे असते.

मुंबईत हे उत्तर महाग पडते. नऊ तासांची ड्युटी आणि डोंबिवली किंवा विरारहून जाऊन-येऊन तीन तासांचा लोकल प्रवास धरला, तर बाळासाठी रोज बारा तासांची सोय लागते. सोसायटीतले खासगी पाळणाघर, घरी येणारी मावशी किंवा गावाहून आलेली आजी, असे तीनच पर्याय उरतात. पहिल्या दोघांना पैसे लागतात. तिसरा पर्याय फुकट वाटतो, पण त्यासाठी आजी कणकवली स्थानकावर गाडीत बसते आणि आजोबा, गुरे, परसबाग मागे ठेवून वर्ष-दीड वर्ष वन बीएचकेमध्ये काढते. जिच्याकडे पैसेही नाहीत आणि आजीही नाही, ती नोकरी सोडते.

बाळ सांभाळण्याचा खर्च कधीच शून्य नसतो. तो कुणाच्या तरी माथी बसतो. कुणाच्या, एवढाच प्रश्न असतो. ताराबाईंचे आयुष्य वाचताना हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहतो.

ताराबाईंची सुरुवात कुठून झाली?

ताराबाई माहेरच्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या कामात असलेले सुधारक होते. आई उमाबाई. मुलींनी शिकावे की नाही यावर शहरांतही वाद घातला जाई, त्या काळात या घरात मुलीच्या शिक्षणाला अडथळा नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी मराठी पदवीधर स्त्रिया मोजक्याच होत्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये तो संपला. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर देणारा कायदा १९५५ मध्ये आला, हे लक्षात घेतले तर त्या काळी वेगळे होणे किती अवघड होते याचा अंदाज येतो. ताराबाईंचे वय तेव्हा २९ होते आणि पदरात लहान मुलगी होती.

त्यांच्याकडे पदवी होती, म्हणून नोकरी मिळाली. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्या रुजू झाल्या. मुलींना शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण देणारी ही संस्था होती. पद मानाचे, पगार चांगला. मात्र गाव परके, भाषा गुजराती, घरात दुसरे मोठे माणूस नाही आणि मूल लहान. आजच्या भाषेत त्या एकल पालक आणि नोकरदार आई होत्या. बालशिक्षण हा विषय त्यांच्यापर्यंत पुस्तकातून आला तसा घरातूनही आला.

ताराबाईंच्या या खासगी आयुष्यातील ताणांवर पुढे रत्नाकर मतकरी यांनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले. मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीला ताराबाई कळल्या त्या या नाटकातून.

चांगली नोकरी सोडून भावनगरला का गेल्या?

भावनगरला गिजुभाई बधेका हे वकिली सोडलेले गृहस्थ १९२० पासून दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवत होते. गिजुभाईंची गोष्टही घरातूनच सुरू झाली होती. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवायचे याचा शोध घेताना ते मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले. त्यांच्या बालमंदिरात मार नव्हता, घोकंपट्टी नव्हती. मुले स्वतः कामे करत, गोष्टी ऐकत, नाटक करत. मुलांवरच्या मायेमुळे लोक गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई म्हणत.

१९२३ च्या सुमारास ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि भावनगरला आल्या. पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही बाजूंनी हा तोट्याचा व्यवहार होता. पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांनी तिथे काढली. गुजरातीत लिहू लागल्या. १९२६ मध्ये त्या आणि गिजुभाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ पालक आणि शिक्षकांपर्यंत जाऊ लागली. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी दीर्घकाळ सांभाळली.

मुलांना मारू नका, भीती घालू नका, अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही स्वतःची बुद्धी असते, ही वाक्ये आज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतात. शंभर वर्षांपूर्वी ती मराठीत मांडावी लागत होती आणि त्यासाठी टीकाही सहन करावी लागत होती.

माँटेसरीची सुरुवात कुठे झाली होती?

इथे थोडे थांबून रोमकडे पाहायला हवे. आज ‘माँटेसरी’ म्हटले की महागडी फी, लाकडी खेळणी आणि वातानुकूलित वर्ग आठवतात. मूळ कहाणी वेगळी आहे.

रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत एका कंपनीने जुन्या इमारती दुरुस्त करून गरीब कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आई-वडील दिवसभर कामावर जात. शाळेच्या वयाची न झालेली मुले मागे राहत, जिन्यात धुडगूस घालत, नव्या भिंती खराब करत. भिंती रंगवण्याच्या खर्चापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा मालकांचा हिशेब होता. त्या खोलीची जबाबदारी डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले ‘बालगृह’ उघडले. जगभर गाजलेल्या या पद्धतीचा जन्म पाळणाघराच्या गरजेतून झाला.

या गोष्टीला एक कडवट किनारही आहे. माँटेसरी यांना १८९८ मध्ये मुलगा झाला होता. अविवाहित आईला त्या समाजात डॉक्टरकी करणे अशक्य होते, म्हणून मुलगा दुसऱ्या कुटुंबाकडे वाढला. जगाला मुले सांभाळायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःचे मूल जवळ ठेवता आले नव्हते.

मुंबईत तेव्हा बाळ कोण सांभाळत होते?

१९३० च्या दशकात ताराबाई मुंबईत आल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत ‘शिशुविहार’ सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाला बालमंदिर म्हणजे काय हे इथे कळले. बालशिक्षिका घडवण्याचे वर्गही इथूनच वाढले.

दादरपासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरणगाव होते. तिथले चित्र वेगळे होते. गिरण्यांत काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे कणकवली-मालवणच्या अनेक घरांचे पूर्वज याच चाळींत राहिले.

गिरणीत बायकाही काम करत. बाळ चाळीत म्हातारीकडे, शेजारणीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राही. कुणीच नसेल तर त्याला अफूची ‘बाळगोळी’ देऊन झोपवत. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या झालेल्या पाहण्यांमध्ये या प्रथेची नोंद वारंवार सापडते. पाळी संपेपर्यंत बाळ रडू नये आणि भुकेने उठू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना दुसरी सोय नव्हती.

कायदा हळूहळू हलला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशात अशा प्रकारचा हा पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला. पण कायद्याचा हात कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोहोचत होता. धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा उचलणारी, शेतात राबणारी बाई त्याबाहेर राहिली.

दादरचे शिशुविहार उत्तम चालले होते. पण तिथे येणारी मुले शिकलेल्या घरांतली होती. साहित्य महाग, जागा मोठी, शिक्षिका प्रशिक्षित. बालशिक्षण हवेच, पण ते फी परवडणाऱ्यांपुरते राहिले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न ताराबाईंसमोर उभा राहिला. महात्मा गांधींच्या ग्रामसेवेच्या विचारानेही त्यांना याच दिशेला ढकलले.

बोर्डीत नेमके काय घडले?

बोर्डी हे आताच्या पालघर जिल्ह्यातले, पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्थानकाजवळचे समुद्रकाठचे गाव. कणकवलीकरांना तुलनेसाठी गोपुरी आश्रम आठवेल. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीत गोपुरी उभी केली. त्याच्या तीन वर्षे आधी, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. महिना होता डिसेंबर १९४५. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या.

परिसर वारली आणि इतर आदिवासींचा. वेठबिगारी आणि सावकारी याविरुद्ध गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा याच वर्षी पेटला होता. ज्या घरात दोन वेळच्या अन्नाची खात्री नाही, तिथे बालमंदिराची जाहिरात कोण ऐकणार?

सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी मागे ठेवून त्या १९४५ मध्ये ताराबाईंना येऊन मिळाल्या. ही जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

पहिला अनुभव निराशेचा होता. केंद्र उघडले, पण मुले येईनात. कारणे शोधल्यावर प्रत्येक कारणामागे घरातले काम निघाले. आई-वडील पहाटे मजुरीला जात. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखत असे. मुलगे गुरांमागे रानात. अंगावर धड कपडा नाही म्हणून काही मुलांना पाड्याबाहेर पडायची लाज वाटे. शाळा आणि घर यांत अंतर मैलाचे होते, पण त्याहून मोठे अंतर कामाचे होते.

अंगणवाडीची कल्पना कशी सुचली?

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा निष्कर्ष ताराबाई आणि अनुताईंनी काढला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन पाड्यावर जाऊ लागली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुले गोळा करायची. तिथेच अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खाऊ द्यायचा, मग गाणी, गोष्टी, मोजणी. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी.

या रचनेतल्या तीन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, जागेचा खर्च काढून टाकला. इमारत नको, भाडे नको. मुलाचे स्वतःचे अंगण हाच वर्ग. पाच मिनिटांत आजी किंवा आई येऊन बघू शकते, त्यामुळे विश्वास लवकर बसला.

दुसरी, साहित्याचा खर्च काढून टाकला. माँटेसरीच्या आयात केलेल्या लाकडी साहित्याच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या आल्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला एवढे पुरते. तत्त्व तेच राहिले, किंमत नाहीशी झाली.

तिसरी, स्वच्छता आणि खाणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला. भुकेले किंवा खरजेने बेजार झालेले मूल काही शिकत नाही, म्हणून सांभाळणे आणि शिकवणे यांत त्यांनी भिंत घातली नाही.

याच विचाराचा पुढचा टप्पा कुरणशाळा. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शिक्षिका कुरणावर जाईल. गुरे चरत असताना मुले तिथेच शिकतील. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही झाले.

कोसबाडच्या टेकडीवर काय वेगळे होते?

१९५७ मध्ये काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. इथे ‘विकासवाडी’ उभी राहिली आणि बाळ सांभाळण्याच्या प्रश्नाचे ताराबाईंचे सर्वांत पूर्ण उत्तर इथेच सापडते.

अंगणवाडीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सोय झाली होती. पण भावंडाला कडेवर घेतलेली ती सात-आठ वर्षांची मुलगी अजून शाळेबाहेरच होती. तिला शाळेत यायचे तर कडेवरच्या बाळाला कुठेतरी ठेवायला हवे. बाळ घरी ठेवता येत नाही, कारण घरी कुणी नाही. तिला शाळेत न पाठवणारे आई-वडील अडाणी किंवा दुष्ट नव्हते. ती मुलगी हेच त्या घराचे पाळणाघर होते.

म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. ताईने सकाळी बाळाला सोबत आणायचे, पाळणाघरात ठेवायचे, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. आई निर्धास्त मजुरीला जाऊ शकते. एका सोयीने तिघांचे प्रश्न सुटतात : बाळाचे, ताईचे आणि आईचे.

बाळाला सांभाळणारी जागा नसेल, तर त्याची किंमत घरातल्या कुठल्या तरी मुलीला किंवा बाईला मोजावी लागते. गिरणगावात ती किंमत अफूच्या गोळीने खुद्द बाळाने मोजली. कोसबाडला ती ताई मोजत होती. ताराबाईंनी तिच्यावरचा भार उचलून संस्थेवर घेतला.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनात या वर्षांचे तपशील आहेत. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सरकारने यातले काय घेतले, काय सोडले?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. केंद्राचे नाव ठरले अंगणवाडी. ताराबाई ते पाहायला नव्हत्या. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका खेडेगावातल्या प्रयोगाचा एवढा मोठा विस्तार जगात क्वचितच झाला असेल.

योजनेने पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आरोग्य-आहार शिक्षण या सहा सेवा दिल्या. वस्तीजवळची जागा, स्थानिक बाई, कमी खर्च आणि खाण्याला महत्त्व ही ताराबाईंची सूत्रे त्यात दिसतात.

पण तीन वर्षांखालच्या बाळासाठी अंगणवाडी घरपोच आहार देते, बाळाला ठेवून घेत नाही. मोठी मुलेही काही तासच बसतात. काजू कारखान्यात जाणाऱ्या, आंब्याच्या हंगामात पेट्या भरणाऱ्या किंवा पहाटे मालवणच्या मासळी लिलावाला पोहोचणाऱ्या बाईचा दिवस त्या वेळेत बसत नाही. कोसबाडला एकाच आवारात असलेल्या तीन गोष्टींपैकी बालवाडी आणि शाळा सरकारने घेतली. पाळणाघर तिथेच राहिले.

आणखी एक गोष्ट बदलली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना कायम कर्मचाऱ्याचा पगार मिळत नाही, मानधन मिळते. त्यासाठी महाराष्ट्रात त्यांना वारंवार संपावर जावे लागले आहे. कमी खर्च हे ताराबाईंचे सूत्र इमारत आणि साहित्यासाठी होते. प्रत्यक्षात या योजनेत बचतीचा मोठा वाटा सेविकेच्या मानधनातून निघतो. म्हणजे खर्च पुन्हा एका बाईच्याच माथी गेला.

आता काय सोय आहे?

- कायद्याने : २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले. यात स्त्री आणि पुरुष दोघांची संख्या धरली जाते. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आहे. कणकवलीतील बहुतेक दुकाने, हॉटेले, दवाखाने आणि छोटे कारखाने ५० च्या आतले असल्याने बाहेर राहतात.
- योजनेने : ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस, असा त्याचा आराखडा आहे. देशभरात अशी १७ हजार ‘अंगणवाडी-कम-क्रेश’ उभारण्याचे उद्दिष्ट ठरवले गेले.

आकड्यांची तुलना केली तर चित्र स्पष्ट होते. १४ लाख अंगणवाड्यांत १७ हजार म्हणजे साधारण ८० मध्ये एक. आणि साडेसात तास हे कणकवलीत शिफ्ट करणाऱ्या आईला जेमतेम पुरतील, पण डोंबिवलीहून चर्चगेटला जाणारीला पुरणार नाहीत.

तरीही दिशा महत्त्वाची आहे. अंगणवाडी आणि पाळणाघर एका छताखाली आणण्याची जी कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते, ती कोसबाडच्या टेकडीवर साठ वर्षांहून आधी चालून दाखवली गेली होती.

वाचकांनी काय विचारावे?

आपल्या अंगणवाडीत पाळणाघर मंजूर आहे का, याची माहिती तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयात मिळते. मंजूर नसेल तर ग्रामसभेत ठराव करून मागणी पुढे पाठवता येते. मागणी करताना वाडीत सहा महिने ते तीन वर्षांची किती बाळे आहेत, त्यातल्या किती जणांच्या आया कामावर जातात आणि त्यांच्या कामाच्या वेळा काय आहेत, ही यादी जोडलेली बरी. नोकरदार पालकांनी आपल्या आस्थापनेत सगळे मिळून ५० कर्मचारी भरतात का, हे आधी मोजावे. भरत असतील तर पाळणाघर मागणे हा हक्क आहे, ती मेहेरबानी नाही.

ताराबाई आणि अनुताईंनी बोर्डीत सुरुवात अशाच मोजणीने केली होती. मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी घरोघरी जाऊन शोधले आणि मग केंद्राची रचना बदलली.